बारपूजा आणि बोटीचा रंग

खिदिरपूरच्या आमच्या खोलीतून दोन वास कधी गेले नाहीत. एक अण्णांच्या अंगाला येणारा बोटीच्या रंगाचा आणि दुसरा आईच्या लसणाच्या चटणीचा. अण्णा म्हणजे माझे वडील. गोदीत दुरुस्तीला आलेल्या बोटींना रंग देणाऱ्या टोळीचे मुकादम. नगर जिल्ह्यातून पोटामागे आधी मुंबईच्या गोदीत गेले, तिथून कामावरच कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. आई मात्र शेवटपर्यंत नगरचीच राहिली. ज्वारी मिळत नाही म्हणून ती बडाबाजारातल्या मारवाड्याच्या दुकानातून बाजरी आणायची आणि भाकरी थापताना गाणी म्हणायची. चाल जात्यावरची, शब्द येशूचे. खालून ट्रामची घंटा, गोदीतून बोटीचा भोंगा, शेजारच्या मशिदीतून बांग, आणि या सगळ्यात तिचं ते गाणं. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही बंगाली शाळेत, धरून बसवलं म्हणून. मराठी वाचायला आईनं शिकवलं, शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, आणि गायनाच्या पुस्तकातून. त्यामुळे माझ्या लिहिण्यात कुठे पाळकसाहेबांच्या उपदेशाचा सूर लागला तर लागला, मी तो काढणार नाही. मुलीनं सांगितलं, बाबा, तुम्ही बोला, मी नीट भाषेत लिहून घेते. मी म्हटलं, माझं तोंड अजून शाबूत आहे आणि हातही.

रविवारची उपासना आमची घरातच. इंग्रजी देवळात इंग्रजी चालायचं, बंगाली देवळात बंगाली. अण्णा म्हणत, देवाला सगळ्या भाषा येतात, पण मला एकच येते, तेव्हा त्यानंच माझ्याकडे यावं. मग अण्णांची पेटी निघायची. तिचा एक सूर पावसाळ्यात अडकायचा आणि गाणं संपलं तरी वाजत राहायचा. त्या सुरावरच अण्णा प्रार्थना सुरू करत.

फुटबॉल मी गोदीच्या मागच्या पटांगणावर शिकलो. हात मोठे, अंगाला उंची आणि डोक्यात हट्ट, म्हणून पोरांनी मला गोलात उभं केलं. तिथून पुढं मैदानावरच्या एका लहानशा क्लबात गेलो. कलकत्त्यात मैदान म्हटलं की एकच, किल्ल्याभोवतीचं ते भलंमोठं हिरवं रान. तिथं प्रत्येक क्लबाचा आपला तंबू. आमचा तंबू अर्धा पत्र्याचा, अर्धा कापडाचा. आत एक बाक, खुंट्यांवर सदरे, आणि मागे एक म्हातारा पावाबरोबर पातळ रस्सा विकायचा. त्या रश्श्यात भाजीपेक्षा मिरीच जास्त. सराव करून आल्यावर तो रस्सा प्यालो की वाटायचं, आता राजानं बोलावलं तरी जायचं नाही.

आमचे शिक्षक पोल्टूदा. बंगालीत मोठ्या माणसाला 'दा' म्हणतात, आपण दादा म्हणतो तसं. किडकिडीत माणूस, तरुणपणी चांगला खेळलेला, गुडघा गेल्यावर शिकवायला लागलेला. हातात बाराही महिने छत्री, ऊन असो नसो. आणि तोंड! त्या तोंडातून निघालेलं सगळं इथं लिहिता येणार नाही. एखाद्याचा पास चुकला की पोल्टूदा त्याच्या आजोबांच्या लग्नापासून सुरुवात करत. आम्ही ऐकून घ्यायचो. कर्णधार श्यामल तर म्हणायचा, पोल्टूदानं शिवी दिली नाही त्या दिवशी मला जेवण जात नाही.

दोन हंगाम मी बाकावर बसलो. पहिला गोलकीपर मोठ्या क्लबात गेला तेव्हा पोल्टूदांनी माझ्याकडे पाहून छत्रीनं नुसतं गोलाकडे दाखवलं. मला रात्रभर झोप आली नाही. आणि सकाळी आठवलं की पुढच्या आठवड्यात बारपूजा आहे.

बंगाली नव्या वर्षाच्या दिवशी, पोयला बैशाखला, मैदानावरच्या क्लबात गोलाच्या दांडीची पूजा करतात. हार घालतात, शेंदूर लावतात, भटजी मंत्र म्हणतो, नारळ फुटतो, मिठाई वाटतात, आणि मग हंगाम सुरू. आमच्या क्लबात आणखी एक रीत होती. शेंदूर गोलकीपरनं लावायचा आणि पहिला माथाही त्यानंच टेकायचा, कारण गोल म्हणजे त्याचं घर. आणि पूजा होईपर्यंत त्या दिवशी खांबाला कुणी बोट लावायचं नाही.

मी पोल्टूदांना तंबूच्या मागं गाठलं आणि सांगितलं, मला हे जमणार नाही.

ते छत्री टेकून उभे राहिले. "डोकं टेकवायला काय जातं रे तुझं? लाकूड तर आहे."

"लाकूड आहे म्हणूनच, दादा."

"म्हणजे आम्ही सगळे मूर्ख?"

"तसं मी म्हटलं नाही. तुमची पूजा मोडायला मी आलो नाही. खड्डे खणीन, खांब उचलीन, पूजेला सगळ्यांबरोबर उभा राहीन. डोकं मात्र आमच्या घरात एकाच ठिकाणी टेकतात."

"आणि गोल खाल्लास तर? सगळा क्लब म्हणेल, ख्रिस्ती पोरानं बारचा मान ठेवला नाही."

"गेल्या वर्षी पूजा करून किती खाल्ले, दादा?"

त्यांनी छत्री उचलली. मग म्हणाले, "जीभ हातांपेक्षा चपळ आहे तुझी," आणि निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. नंतर श्यामलकडून कळलं, शेंदूर तो लावणार. पण माझ्या सदऱ्याचं, म्हणजे गोलातल्या जागेचं काय, ते कुणी बोललं नाही.

घरी जेवताना सांगितलं. अण्णांनी हातातला घास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि परत उचलला. आमच्या घरात एवढी शाबासकी पुष्कळ होती. आई मात्र भाकरी उलटता उलटता म्हणाली, "नाही म्हणालास, बरं केलंस. पण नुसत्या नाही म्हणण्यानं माणसं आपली होतात का रे? त्यांचा सण आहे. तू हात हलवत जाणार?"

"मग काय करू?"

"मी गुळाच्या दशम्या करते. त्यांचा प्रसाद तुला चालत नाही ना, मग आपलं त्यांना चालतं का बघू."

अण्णांनी ताटावरून मान वर केली. एकदम म्हणाले, "खांबांना रंग कोण देतं?"

"रंग कुठला. चुना लावतात दरवर्षी."

"चुना!" कुणी मेल्याची बातमी ऐकावी तसं अण्णा म्हणाले. "भिंतीला लावतात तो? तू ज्या खांबांत उभा राहणार त्यांना चुना?" मग ताट बाजूला सारून म्हणाले, "पूजेत आपला हात नाही, ठीक. रंगात आपला हात. असा रंग देतो की समुद्रात टाकले तरी खांब पांढरे निघतील."

पोल्टूदांनी लगेच परवानगी दिली. फुकटचा रंग कोण नाकारतो? सणाच्या आदल्या दुपारी अण्णा आणि मी शिडी घेऊन मैदानावर गेलो. बोटीवरच्या माणसांच्या खोल्यांना देतात तो जाड, दुधासारखा पांढरा रंग होता. अण्णांनी एक हात दिला, विडी ओढली, दुसरा हात दिला. कुंचला ते असा ओढत की बघत राहावं. मध्येच म्हणाले, "हे बघ, तिथं जाऊन धर्म सांगत फिरू नकोस. गोलात नीट उभा राहा. कुणी विचारलं तर सांग. आणि विचारलं तर मग लाजू नकोस." आयुष्यात एवढाच उपदेश त्यांनी मला समोर बसवून केला, तोही शिडीवरून.

आता अण्णांचं सगळं आयुष्य लोखंडावर रंग देण्यात गेलेलं. उन्हात तव्यासारखा तापलेला पत्रा, त्यावर सकाळी दिलेला रंग संध्याकाळी वाळायचा. इथं होतं लाकूड, त्यावर दोन जाड हात, आणि रात्री गंगेवरून येणारी ओल. हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या. आणि सकाळी बोट लावून बघायची सोय नव्हती, कारण पूजेआधी खांबाला बोट लावायचं नाही.

सकाळी ते खांब असे चमकत होते की येणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. आमचे सेक्रेटरी बिभूतीबाबू, वकील माणूस, त्यांच्या भुवईला सगळा क्लब भ्यायचा. ते नवं धोतर आणि रेशमी पंजाबी, म्हणजे तिकडचा झब्बा, घालून आले, खांबांकडे बघून म्हणाले, "वा! कुणी केलं हे?" पोल्टूदांनी छत्रीनं माझ्याकडे दाखवलं. अण्णा मागं त्यांच्या रविवारच्या कोटात उभे होते, छाती काढून. शेजारी आई, डोक्यावर पदर, हातात दशम्यांचा आणि लसणाच्या चटणीचा डबा.

ढाक, तो तिकडचा मोठा ढोल, वाजू लागला. भटजीनं मंत्र म्हटले. श्यामलनं बोटं शेंदरात बुडवून खांबावर टेकली आणि उचलली, तर शेंदूर ओघळत खाली आला. श्यामल आपल्या बोटांकडे बघत राहिला. बोलावं की न बोलावं, मंत्र तर चालू आहेत. तेवढ्यात बिभूतीबाबू पुढं झाले. मी नाही म्हटल्यामुळे पहिला माथा टेकायचा मान त्यांनी घेतला होता. त्यांनी दोन्ही हातांनी खांब धरला, कपाळ टेकवलं, डोळे मिटले आणि चांगला वेळ तसेच राहिले. वर्षभराचं मागणं असणार.

मग डोकं मागं घेतलं तेव्हा चिकटल्यासारखा आवाज आला.

कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत पांढरा पट्टा. दोन्ही तळवे पांढरे. रेशमी बाही पांढरी. भटजीचा मंत्र अर्ध्यावर थांबला. ढाकवाल्याच्या काठ्या हवेतच राहिल्या. आणि त्या शांततेत एक म्हातारे सभासद ओरडले, "हे त्या ख्रिस्ती पोराचं काम! स्वतः नमस्कार करायचा नाही आणि आम्हाला रंग फासायचा!"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, मुद्दाम नाही केलं, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कुणीतरी माझा दंड धरला. कुणी म्हणालं, याला बाहेर काढा. दोन हंगाम बाकावर काढले ते याच्यासाठी का, एवढंच माझ्या मनात आलं. आज इतक्या वर्षांनीही तो दंडावरचा हात मला आठवतो. हात माझ्याबरोबर रोज रस्सा पिणाऱ्या पोराचा होता.

अण्णा गर्दीतून पुढं आले. हिंदीत म्हणाले, "रंग माझा आहे. पोराचा नाही. वाळेल म्हणून मी सांगितलं होतं. जे बोलायचं ते मला बोला." एवढ्या लोकांसमोर अण्णांना चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

इकडे बिभूतीबाबूंच्या तोंडावर कुणी तांब्यातलं पाणी ओतलं. पाण्यानं तेलाचा रंग जातो होय? तो पसरला. एक भुवई गेली, डोळ्याच्या कडेला लागलं, ते "आ, आ" करायला लागले. अण्णा म्हणाले, "टरपेन आणतो."

"टरपेन?" आईचा आवाज आला. "माणसाचं कपाळ आहे ते, बोट नाही तुमची!" आणि डबा माझ्या हातात देऊन ती सरळ बिभूतीबाबूंपाशी गेली. श्यामलला म्हणाली, "नारियल का तेल लाव." श्यामल डोक्याला चोपडायची बाटली तंबूतून घेऊन धावत आला. आईनं त्या वकिलाला बाकावर बसवलं, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि पदराचं टोक तेलात बुडवलं. "आंख बंद करो, दादा. हिलो मत. नाक मत हिलाव."

ज्या माणसापुढं आम्ही खोकत नव्हतो, तो मुकाट्यानं डोळे मिटून बसला. आई पुसायला लागली. आणि काम करताना गायची तिची खोड, ती तिथंही सुटली नाही. हळू आवाजात तिचं सुरू झालं. सगळा क्लब भोवती उभा, आणि माझी आई सेक्रेटरीचं नाक पुसत भाकरीचं गाणं म्हणतेय. मला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

डोळे मिटलेलेच ठेवून बिभूतीबाबूंनी विचारलं, "क्या गाती हो, दीदी?"

"हमारे प्रभू का गाना, दादा. उसने तो चेलों के पाँव धोये थे. मैं तो खाली तोंड पोंछती."

मग बिभूतीबाबूंचं पोट हलायला लागलं. मग ते मोठ्यानं हसले, इतके की आई ओरडली, "हिलो मत बोला ना!" आणि मग श्यामल हसला, भटजी हसला, ढाकवाल्यानं उगीच एक थाप मारली. माझ्या दंडावरचा हात कधी निघाला ते कळलं नाही. पुसून झाल्यावर बिभूतीबाबूंनी डबा उघडायला लावला, दशमी चटणीला लावून खाल्ली आणि "बाप रे, की झाल!", केवढं हे तिखट, म्हणून पाणी मागितलं. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रंग चांगला आहे. पुढच्या साली दोन दिवस आधी द्या."

इथं सगळं संपलं असं आईला वाटलं. मला तसं वाटलं नाही, कारण पोल्टूदा हसले नव्हते.

सराव सुरू झाला. पोल्टूदा सगळ्यांना शिव्या देत होते, मला सोडून. श्यामलचा पाय घसरला, त्याच्या सात पिढ्या निघाल्या. माझ्या हातातून सरळ आलेला बॉल सुटला, पोल्टूदा आभाळाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम बावळटासारखा पुढं धावलो आणि बॉल डोक्यावरून आत जाऊ दिला. ते म्हणाले, "ठीक आहे. होतं असं." ठीक आहे! ज्याला ठेवायचं नाही त्याच्यावर कोण तोंड वाया घालवतो?

घरी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "शिव्या मिळत नाहीत म्हणून रडणारा पहिलाच बघितला." आई हसली नाही. ती म्हणाली, "खरं आहे त्याचं. परक्यालाच माणूस जपून बोलतो." त्या रविवारी तिनं प्रार्थनेत पोल्टूदांचं नाव घेतलं. आपल्या लेकराला त्यांनी चार शब्द बोलावेत, असं देवाला मराठीत सांगितलं.

पहिल्या सामन्याच्या दिवशी तंबूत सदरे वाटणं चाललं होतं. पोल्टूदा नाव घेऊन सदरा अंगावर फेकत, झेलायचा. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी फेकला नाही. हातात आणून ठेवला, पाहुण्याला टॉवेल द्यावा तसा. मी घातला, पण अंगात कुणा दुसऱ्याचं असल्यासारखा वाटला.

बाहेर पडताना सगळ्यांनी तंबूतल्या देवीच्या तसबिरीला हात जोडले. मी बाजूला उभा. श्यामल म्हणाला, "ए, तुझं काय ते म्हणून घे. आम्ही थांबतो."

"इथं?"

"मग काय खिदिरपूरला जाणार?"

मी डोळे मिटले आणि मराठीत चार वाक्यं म्हटली, दुसऱ्या भाषेत मला येतच नाहीत. डोळे उघडले तर दहाही जण माना खाली घालून उभे. श्यामलनं विचारलं, "काय मागितलंस?"

"कुणाचा पाय मोडू नये. आपलाही आणि त्यांचाही."

"आणि जिंकायचं?"

"ते नाही मागितलं. त्यांच्यातही कुणी मागत असेल."

"आरे गाढवा! निदान बरोबरी तरी मागायचीस!"

पुढं त्या हंगामात ते मला दर सामन्याआधी म्हणायला लावत, आणि दर वेळी विचारत, आज तरी मागितलंस का. माझी नात म्हणते, आजोबा, तुम्ही कुणाला ख्रिस्ती केलंत का? नाही केलं. पण दहा बंगाली पोरांना माना खाली घालून मराठी ऐकायला लावलं, हे कमी आहे का?

सामना सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. त्यांचा एक बुटका खेळाडू कडेनं आत आला. मला वाटलं तो मध्ये देणार. त्यानं दिला नाही, मी आणि पलीकडचा खांब यांच्या मधून सरळ मारला. जाळी हलली. बॉल उचलायला वाकलो तेव्हा मागच्या बाकावरून ऐकू आलं, "बघितलं? बारचा कोप." कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

मध्यंतर झालं. आम्ही तंबूच्या सावलीत बसलो. कुणी माझ्याकडे बघेना, सगळे लिंबं चोखत होते. पोल्टूदा छत्री टेकत सरळ माझ्याकडे येताना दिसले. त्यांच्यामागं ते म्हातारे सभासदही. मी सदऱ्याची बटणं सोडायला लागलो. मागायच्या आधी आपणच काढून द्यावा, तेवढा स्वाभिमान माझ्यात होता.

पोल्टूदा समोर उभे राहिले. छत्रीचं टोक माझ्या डाव्या बुटावर टेकवलं.

"हा पाय कुणाचा आहे?"

"माझा, दादा."

"तुझा? मला वाटलं श्राद्धाला दान मिळालाय! खांबाला असा चिकटून उभा, नव्या जावयानं दाराला चिकटावं तसा! बुटका आत येतोय, आंधळ्याला दिसतंय, आणि हा महाराजा वाट बघतोय, पालखी येईल आणि मग पुढं सरकेन! मी दोन साल तुझ्यावर घसा फोडला तो याच्यासाठी? म्हशीला शिकवलं असतं तर म्हैस पुढं आली असती! तुझ्या आजोबांच्या लग्नात—"

मागून म्हातारे सभासद म्हणाले, "पोल्टू, मी म्हणत होतो ना, बारला नमस्कार—"

पोल्टूदा वळलेसुद्धा नाहीत. "बारचं काय सांगताय? याला उभं राहता येत नाही! बटणं का सोडतोयस रे, अंघोळ करायचीय? लाव!"

आणि ते परत माझ्या आजोबांच्या लग्नावर आले, तिथून वरातीवर, वरातीतल्या घोड्यावर. श्यामलच्या तोंडातून लिंबाची बी उडाली. सगळे हसायला लागले. मला हसू आणि रडू एकदम आलं, छातीवरून कुणी धोंडा उचलावा तसं.

"दात काय काढतोस, माकडा?"

"काही नाही, दादा," मी म्हटलं आणि बटणं लावली.

शिट्टी झाली. दुसऱ्या बाजूच्या गोलात गेलो, आणि त्यांनी सांगितलं तसा खांब सोडून दोन हात पुढं उभा राहिलो.